येथे मजकूर येईल

"वेळेत आलं ना? मग तुमचं काय जातं?" मोठे सर फोनवर एवढंच म्हणाले, तेही हसत, आणि त्यांनी फोन ठेवला. चिडले असते तर बरं झालं असतं. चिडलेल्या माणसांची मला सवय आहे. त्यांच्यासाठी माझ्याकडे एक ठरावीक आवाज आहे, दोन ठरावीक वाक्यं आहेत, आणि ती म्हणताना मी मनातल्या मनात भाजीची यादीसुद्धा करू शकते. पण हसणाऱ्या माणसाचं काय करायचं? रिसीव्हर मला दोनदा ठेवावा लागला, पहिल्यांदा तो नीट बसलाच नाही. समोरच्या टेबलावर माझी सहकारी बसते. तिच्या अंबाड्यात कायम एक पेन्सिल खोचलेली असते म्हणून सगळे तिला पेन्सिलच म्हणतात. ती माझ्याकडे टक लावून बघत होती. काही नाही म्हणून मी तिला खुणावलं. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. बाहेर कॉरिडॉरमधून कुणीतरी खुर्ची फरफटत नेत होतं. काय जातं माझं? हा प्रश्न मला आधी कुणी विचारला नव्हता असं नाही, पण इतक्या खात्रीनं, उत्तराची वाटसुद्धा न बघता, कुणी विचारला नव्हता.

विद्यापीठाच्या संशोधन कार्यालयात एकोणीस वर्षं मी एकच काम करते आहे. इथल्या प्राध्यापकांना संशोधनासाठी बाहेरच्या संस्थांकडे निधी मागायचा असतो. त्या संस्थांची एक शेवटची तारीख असते, तिला आम्ही बाहेरची तारीख म्हणतो. तिच्या आधी पाच कामाचे दिवस, दुपारी बारा वाजता, आमची तारीख असते, ती आतली. तोपर्यंत प्रस्ताव आला तर मी तो वाचते, चुका काढते, सह्या गोळा करते आणि विद्यापीठातर्फे रवाना करते. नाही आला तर तो जात नाही. निदान नियमात तसं लिहिलं आहे. नियमात बरंच काही लिहिलेलं असतं. बाराच्या या हट्टापायी लोकांनी मला 'बारा वाजवणारी' असं नाव ठेवलं आहे. माझ्या पाठीमागे म्हणतात, म्हणजे जिन्यात म्हणतात, आणि आमच्या जिन्यात आवाज फार घुमतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाईट वाटलं होतं. आता तेवढं वाटत नाही, उलट कधीकधी जिना उतरताना मी मुद्दाम चपला वाजवते. पण खरं सांगायचं तर बारा मी कुणाचेच वाजवले नव्हते. आतली तारीख खोटी आहे, मागे पाच दिवस शिल्लक आहेत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरुण, नवखे, कुणाशी ओळख नसलेले लोक घाबरून आदल्या दिवशीच प्रस्ताव आणून द्यायचे. ज्यांच्याकडे एक फोन करण्याइतकी ताकद होती ते बाहेरच्या तारखेच्या दिवशी चार वाजता यायचे, आणि त्यांचाही प्रस्ताव जायचा. नियम होता तो फक्त गरीब बिचाऱ्यांसाठी होता.

या खेपेला मात्र मी ठरवलं होतं. महिन्यापूर्वी नवी सूचना काढली, तीत दोनच शब्द वाढवले, 'पूर्ण मजकुरासह', आणि कुलगुरूंची सही घेतली. दहा विभागांना ती गेली. आणि आज बारा वाजायला दोन मिनिटं असताना मोठ्या सरांची फाइल आली. मला केवढा आनंद झाला! पुलांना भेगा कशा पडतात यावर सरांनी अख्खं आयुष्य घालवलं आहे. त्यांच्या हाताखाली वीस माणसं, त्यांच्या नावानं प्रयोगशाळा, कुलगुरू त्यांचे वर्गमित्र. ते वेळेत आले म्हणजे सगळे आले. मी फाइल उघडली. चौऱ्याऐंशी पानं, सगळी शीर्षकं जागच्या जागी, उद्दिष्टं, पूर्वपीठिका, कार्यपद्धती, आणि प्रत्येक शीर्षकाखाली एकच ओळ: येथे मजकूर येईल. पुढचं पान, येथे मजकूर येईल. मी चौऱ्याऐंशी पानं उलटली. शेवटच्या पानावर सरांची सही होती, ती तेवढी खरी. आमच्याकडे याला खोका म्हणतात. आज रिकामा खोका ठेवून जागा धरायची, सामान सावकाश आणून भरायचं. कागदोपत्री सगळं वेळेत. मी यादीत सरांच्या नावापुढे 'आलेला नाही' असं लिहिलं, यादी बंद केली आणि अकरा प्रस्ताव आल्याचं सगळ्यांना कळवलं. त्यानंतर तो फोन आला.

काय जातं माझं? पगार तोच राहणार होता. पाच दिवसांत सरांनी खोका भरलाच असता, त्यांची माणसं हुशार आहेत, शनिवार-रविवार खपून त्यांनी लिहून काढलं असतं. मग मला हे का सहन होत नव्हतं? खुर्चीवर बसल्याबसल्या मला स्वतःचाच संशय यायला लागला. मोठ्या माणसाला खाली ओढण्यात एक गोडी असते, आणि ती गोडी मला कळत नाही असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. 'आलेला नाही' लिहिताना माझ्या बोटांना बरं वाटलं होतं. ते बरं वाटणं चांगलं की वाईट, हे काही मला ठरवता येईना. टेबलावर अकरा प्रस्तावांचा गठ्ठा होता. मी छापून घेते, पडद्यावर वाचलं की चुका निसटतात. सगळ्यात वर एका तरुण प्राध्यापिकेचा होता. जुन्या विहिरींतलं पाणी का खारट होत जातं यावर तिचा हा पहिलाच प्रस्ताव. तिनं स्वतःच छापून मंगळवारीच आणून दिला होता, कोपऱ्याला स्टेपल नीट बसली नव्हती म्हणून परत येऊन दुसरी मारून गेली होती. त्या कोपऱ्यातल्या दोन स्टेपलांकडे मी बघत राहिले, आणि मला बाबांचं दुकान आठवलं.

बाबा शिंपी होते. दुकान म्हणजे एक खोली, दोन मशिनं, आणि मागच्या बाजूला काज-बटणं करणारी आई. बाबा सगळ्यांना शुक्रवार सांगायचे. शुक्रवारी होत नाही हे त्यांनाही माहीत असायचं आणि गिऱ्हाइकालाही, त्यामुळे शहाणी गिऱ्हाइकं सोमवारी यायची. मी दहा-अकरा वर्षांची असेन. माझ्याच वर्गातल्या एका मुलीचा फ्रॉक शिवायला आला होता. शनिवारी शाळेत तिला बक्षीस मिळायचं होतं. ती खरोखरच शुक्रवारी आली, शाळा सुटल्यावर लगेच, एकटी, पैसे मुठीत धरून. तिला कुणी सांगितलंच नव्हतं की शुक्रवार म्हणजे शुक्रवार नसतो. आणि त्या सकाळीच गावातल्या एका बड्या डॉक्टरांचा कोट अर्जंट म्हणून आला होता. बाबा कोटावर बसले होते, फ्रॉकचं कापड बेतलेलं, खडूच्या खुणांसकट, फळीवर तसंच पडलं होतं. "उद्या ये हं बाळ," बाबा म्हणाले. प्रेमानं म्हणाले. ती म्हणाली, "उद्या सकाळीच आहे." बाबांनी मशीन थांबवलं नाही. ती थोडा वेळ उभी राहिली, मग माझ्याकडे न बघता गेली. शनिवारी ती शाळेच्या गणवेशातच बक्षीस घ्यायला आली, आणि मी टाळ्या वाजवल्या नाहीत, मला वाजवताच आल्या नाहीत. डॉक्टरांनी तो कोट नेला बुधवारी. अर्जंट माणसाला दिलेला वेळ आकाशातून पडत नाही, वेळेवर आलेल्या माणसाच्या वाटणीतून तो काढलेला असतो, हे मला त्या दिवशी कळलं. कळलं, आणि तरी पुढे मी काय केलं?

खोका मीच काढला. ही गोष्ट मी कुणाला सांगत नाही, पण इथे लपवून काय करू? बारा वर्षांपूर्वी एक तरुण प्राध्यापक बाराला दहा कमी असताना धावत आला होता, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला, हातात निम्मीच पानं. रडायच्या बेताला आलेला. मला दया आली. मी म्हटलं, "आत्ता नुसती शीर्षकं टाका हो, खाली लिहा येथे मजकूर येईल. आपण नंतर बदलू." ते वाक्यसुद्धा माझंच, शब्दन् शब्द. त्याचा जीव भांड्यात पडला आणि मला आपण फार भल्या आहोत असं वाटलं. पुढच्या खेपेला तिघांनी तसं केलं, त्याच्या पुढच्या खेपेला नऊ जणांनी. कुणीतरी तयार खोकाच बनवून ठेवला, एकमेकांना द्यायला लागले. दोन-तीन वर्षांत निम्म्याहून जास्त खोकेच यायला लागले. बाहेरच्या तारखेला आमच्या कार्यालयात पाय ठेवायला जागा नसायची. खोके काढा, मजकूर भरा, हा बदला, तो बदला, हा नको कालचा घ्या, ती फाइल नाही ही फाइल. पेन्सिलच्या अंबाड्यातून पेन्सिल गळून पडायची आणि तिला पत्ता नसायचा. पाठवण्याआधी वाचणं मी सोडूनच दिलं होतं. वाचायला मजकूर कुठे होता?

आणि अशाच एका तारखेला मी मुंगीवाल्या सरांचा खोका पाठवला. मुंग्या दोन वाटा फुटणाऱ्या तिठ्यावर आल्या की कुठली वाट धरायची ते कसं ठरवतात, हा त्यांचा विषय. त्यांनी मजकूर आणून दिला होता, आदल्या दिवशीच दिला होता, पेन ड्राइव्ह माझ्या हातात दिला होता. पण पाचला वीस मिनिटं कमी असताना दोन विभागप्रमुख माझ्या डोक्यावर उभे होते, त्यांचे खोके आधी बदलायचे होते, आणि मी मुंगीवाल्यांची जुनी फाइल पाठवून दिली. दोन महिन्यांनी संस्थेचं पत्र आलं: आपल्या प्रस्तावात मजकूर आढळला नाही. ते पत्र घेऊन ते माझ्यासमोर उभे राहिले. मला तेव्हाच कळलं काय झालं ते, आणि मी म्हणाले, "तुमच्याकडूनच चुकीची फाइल आली असेल, सर." ते म्हणाले, "असेल. धांदलीत होतं असं." आरडाओरडा नाही, काही नाही. त्या गोष्टीला सहा वर्षं झाली. नंतर त्यांनी एकही प्रस्ताव लिहिला नाही. पहिल्या वर्षाच्या वर्गांना शिकवतात, जिन्यात भेटले की मला आधी वाट देतात. त्यांनी वाट दिली की मला पुढचे दोन जिने जड जातात. खोका बंद करायचा हे मी त्यांच्यामुळे ठरवलं होतं, पण का ठरवलं हे सांगायची वेळ येईल, असा काही माझा विचार नव्हता.

दीड वाजता निरोप आला की तीन वाजता कुलगुरूंनी बोलावलं आहे. मोठे सरही असतील. त्यानंतर पाच मिनिटांनी आमच्या ह्यांचा फोन. ह्यांचं चष्म्याचं दुकान आहे, दुपारी गिऱ्हाईक नसलं की फोन करतात. मी सगळं सांगितलं, म्हणजे मुंग्यांचं सोडून सगळं. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "डबा खाल्लास का?" मी म्हटलं, "इथे माझी नोकरी जायची वेळ आली आहे आणि तुम्हाला डबा सुचतोय?" तर म्हणतात कसे, "आधी खाऊन घे. उपाशी पोटी तू फार लवकर हो म्हणतेस." बत्तीस वर्षांच्या संसारात माझ्याविषयी इतकं खरं कुणी बोललं नव्हतं. मी डबा खाल्ला, शेवटच्या घासापर्यंत, सावकाश. मग सरांचा खोका छापायला लावला. कोऱ्या पानांना काही वेगळा वेळ लागत नाही, चौऱ्याऐंशी पानं ती चौऱ्याऐंशीच. पेन्सिल म्हणाली, "कागद वाया जातोय ना." मी म्हटलं, "जाऊ दे." गठ्ठा गरम होता, छातीशी धरून मी जिना चढले.

कुलगुरू म्हणजे बारीक अंगाचा, कायम सर्दी झालेला माणूस. कुणाचं मन दुखवायचं म्हटलं की त्यांना शिंक येते. खोलीत जाड गालिचा, त्यावर माझ्या चपलांचा आवाजच होईना, त्यामुळे माझं अर्धं बळ गेल्यासारखं वाटलं. मोठे सर आधीच ऐसपैस बसले होते. "या बाई, बसा," ते म्हणाले, जणू खोली त्यांचीच. "मी आत्ता हेच सांगत होतो, आपली एकोणीस वर्षांची ओळख. दोन मिनिटं आधी फाइल आली, तरी बाई म्हणतात आली नाही. आता काय म्हणायचं?"  मी गठ्ठा कुलगुरूंच्या टेबलावर ठेवला. त्यांनी रुमालानं नाक पुसलं, चष्मा चढवला, पहिलं पान उलटलं, दुसरं उलटलं. "येथे मजकूर येईल," त्यांनी वाचलं. आणखी दहा पानं पुढे जाऊन पुन्हा वाचलं, "येथे मजकूर येईल." मग मधूनच एक पान काढलं, बहुधा या पानावर तरी काही असेल या आशेनं, आणि तेही वाचलं. मला हसू आवरेना, मी ओठ घट्ट मिटून घेतले.

"अहो, हे तर नुसतं जागा धरण्यापुरतं," मोठे सर म्हणाले. "सगळेच करतात."

"सूचनेत पूर्ण मजकुरासह असं लिहिलंय, सर. खाली कुलगुरूंची सही आहे."

"माझी?" कुलगुरूंनी विचारलं आणि त्यांना शिंक आली.

तेव्हा मोठे सर पुढे झुकले. आवाज अजूनही गोडच होता. "आणि ही पद्धत सुरू कुणी केली हो? तुमच्याच कार्यालयानं ना? हे वाक्यसुद्धा तुमच्याकडूनच आलंय. बारा वर्षं तुम्हीच चालवलंत, आणि आज माझी पाळी आली तेव्हा नियम आठवला?" माझ्या कानांतून गरम वाफ गेली. ते खोटं बोलत नव्हते. इथे मी कानांवर हात ठेवले असते तर निसटले असते. कार्यालय म्हटलं की त्यात कुणीच नसतं. मी म्हणू शकले असते, आधीच्या लोकांनी केलं असेल. मुंगीवाल्यांना म्हटलं होतं तसंच. ते वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं, आणि त्याची चव मला आठवली. सहा वर्षं ती गेली नव्हती.

"कार्यालयानं नाही, सर. मी," मी म्हणाले. "खोका मीच काढला. आणि त्यानं काय होतं तेही मी सांगते." आणि सांगितलं. मुंग्या सांगितल्या, तिठा सांगितला, पाचला वीस मिनिटं कमी होती ते सांगितलं, डोक्यावर कोण दोघं उभे होते तेही सांगितलं. त्यांतले एक मोठे सर होते. "तुमचा खोका बदलत होते मी. तो वेळ मुंगीवाल्या सरांचा होता. त्यांनी आदल्या दिवशी आणून दिला होता, म्हणून ते घरी होते. आणि त्यांना मी सांगितलं की चूक तुमची." माझा आवाज चढला होता की पडला होता मला माहीत नाही, पण खोलीत दुसरा आवाज नव्हता. मोठ्या सरांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं होतं, काढून ठेवायला जागा न मिळाल्यासारखं.

"हे तेव्हाच का नाही सांगितलंत?" कुलगुरूंनी विचारलं.

"घाबरले."

"आणि आत्ता?"

"आत्ताही घाबरलेच आहे. पण माझ्या टेबलावर अकरा आहेत. सरांच्या चौऱ्याऐंशी पानांना दोन दिवस लागतील, ते दोन दिवस त्या अकरा जणांचे आहेत. माझ्याकडे दुसरे नाहीत."

कुलगुरू बराच वेळ खोक्याच्या पानांवरून अंगठा फिरवत होते. शिंक येईल असं मला वाटत होतं, ती आली नाही. मग ते म्हणाले, "मुंग्यांचं मला लेखी द्या. त्यांनाही द्या." मी मान हलवली. नंतर त्यांनी गठ्ठा नीट जुळवला, उचलला आणि माझ्याकडे नाही, मोठ्या सरांकडे सरकवला. "पुढची फेरी चार महिन्यांनी आहे रे," ते आपल्या वर्गमित्राला म्हणाले. आणि मला म्हणाले, "तुम्ही इथे कशाला बसलात? जा, वाचा." मी उठले. मला वाटतं मी आभारही मानले नाहीत. जिन्यात आले, कठडा धरून उभी राहिले, आणि तिथे, कुणी नसताना, मी मोठ्यांदा हसले. आमच्या जिन्यात आवाज फार घुमतो. घुमू दे म्हटलं.

त्याच संध्याकाळी मी पत्र लिहिलं. पाच ओळींचं. पहिल्या मसुद्यात 'धांदलीत' हा शब्द आला होता, तो मी खोडला. तो त्यांनी मला देऊ केला होता, मी घ्यायचा नव्हता. शुक्रवारी सकाळी ते मुंगीवाल्या सरांच्या टपालाच्या खान्यात टाकलं, एक प्रत कुलगुरूंकडे पाठवली आणि वाचायला बसले. काय सांगू, किती वर्षांनी निवांत वाचत होते! उद्दिष्टं वाचली, कार्यपद्धती वाचली, तळटिपा वाचल्या. एका भाषाशास्त्रज्ञानं तीन वर्षांचं काम दोन वर्षांत मांडलं होतं, एकानं आपल्याच सहकाऱ्याला मृत समजून त्याचं नाव वगळलं होतं, प्रत्यक्षात तो रजेवर होता. आणि विहिरीवालीनं सगळा प्रस्ताव गेल्या वर्षीच्या नमुन्यावर लिहिला होता. दिसायला दोन्ही नमुने सारखेच, पण जुना असला की ती संस्था न वाचताच बाजूला टाकते. तिला बोलावून सांगितलं तेव्हा ती पांढरीफटक पडली. "आता?" ती म्हणाली. "आता काय, चार दिवस आहेत," मी म्हटलं. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदाच म्हणत होते, म्हणून पुन्हा एकदा म्हटलं. तिला चार संस्थांच्या सह्या नव्यानं आणायच्या होत्या. शेवटची सही मंगळवारी दुपारी आली. ती धावत आली नाही, चालत आली, आणि कागद देताना म्हणाली, "बाई, मी रात्री झोपले हं, तुम्ही सांगितलं तसं." बुधवारी सकाळी साडेदहापर्यंत अकराच्या अकरा प्रस्ताव गेले. एकेक पोचपावती येत होती आणि पेन्सिल प्रत्येक पावतीला टेबलावर थाप मारत होती. अकराव्या थापेला तिचा चहा सांडला.

त्याच दुपारी मुंगीवाले सर आले. दारातच उभे राहिले. हातात माझं पत्र होतं. सहा वर्षं घोकलेलं सांगायला म्हणून मी उठून उभी राहिले. त्यांनीच बोलायला सुरुवात केली. "चुकीची फाइल कुठून गेली म्हणून मी सहा वर्षं घरचे सगळे कॉम्प्युटर तपासत होतो," ते म्हणाले. "मला वाटायचं, मीच कसा एवढा वेंधळा. मुलीच्या शाळेचा अर्जसुद्धा बायकोकडून भरून घ्यायचो." माझे डोळे भरून आले. ते रागावले होते, पहिल्यांदाच मला त्यांचा राग दिसत होता, आणि तो बघून मला खरंच बरं वाटलं.  मग त्यांनी पत्राची घडी घातली, खिशात ठेवली आणि विचारलं, "पुढची आतली तारीख कधी आहे?" मी सांगितली. त्यांनी विचारलं, "बारा म्हणजे बाराच ना?" मी म्हटलं, "बाराच." ते गेल्यावर पेन्सिलनं माझ्यापुढे पाण्याचा ग्लास आणून ठेवला आणि काही न विचारता आपल्या जागेवर जाऊन बसली.

गुरुवार, बाहेरची तारीख. एकोणीस वर्षं या दिवशी दुपारनंतर इथे आरडाओरडा असायचा, आणि त्या दिवशी काही म्हणजे काहीच नव्हतं. फोन वाजला नाही. मी खिडकीची काच पुसली. पेन्सिलनं खण आवरले आणि तिला चार वर्षांपूर्वी हरवलेली कात्री सापडली. चार वाजता तिला मी घरी पाठवलं. एकटी बसून राहिले आणि मला आनंद झाला. साधा, उघडा, जराही न लाजणारा आनंद. मी केलं हे, असं मी स्वतःशी पुटपुटलेसुद्धा. पाचला दहा कमी असताना दारात सावली पडली. मोठे सर. खांद्याला पिशवी होती. "आज बाहेरची तारीख ना?" त्यांनी विचारलं. "इतकी शांतता?"

"सगळे कालच गेले, सर."

ते समोरच्या खुर्चीत बसले. आज ऐसपैस नव्हते बसले. "एक विचारू? त्या दिवशी तुम्हाला कळलं कसं, खोका आहे ते? माझ्या पोरांनी सांगितलं होतं, कुणी उघडत नाही."

"मी उघडते. आणि मजकूर असला तर वाचते."

"सगळं?"

"तुमचं तर पहिल्यापासून, कधी पाठवून झाल्यावर का होईना." ते हसले. त्यांना ते खरं वाटलं नव्हतं. म्हणून मी सांगितलं, "मी नोकरीला लागले त्या वर्षी तुमचा पहिला प्रस्ताव आला होता. त्यात तुम्ही लिहिलं होतं, भेग दिसते त्या दिवशी पडलेली नसते, त्याआधी काँक्रीट कितीतरी वर्षं सोसत असतं, आणि मला ते सोसणं मोजायचं आहे." सर माझ्याकडे बघतच राहिले. त्यांचा चेहरा एकदम तरुण दिसायला लागला, किंवा एकदम म्हातारा, मला नीट सांगता येणार नाही.

"त्याला निधी मिळाला नव्हता," ते म्हणाले.

"नाही. पण वाक्य फार चांगलं होतं. पुढे तुम्हाला निधी मिळत गेला आणि तशी वाक्यं कमी होत गेली."

असं कुणी त्यांना कित्येक वर्षांत बोललं नसेल. मला वाटलं आता उठून जातील. त्याऐवजी त्यांनी पिशवीतून एक गठ्ठा काढला. पानं भरलेली होती, समासातसुद्धा त्यांच्या हातचं बारीक अक्षर होतं. पुढची आतली तारीख चार महिने लांब होती. "आठवडाभर स्वतः बसून लिहिलंय," ते म्हणाले, आणि मोठ्या सरांच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता असा आवाज आला. "बाई, वाचाल का? सगळं नाही, पहिली दोनच पानं. आत्ता." मला वाचायचं होतं. पहिल्या ओळीवर माझी नजर गेलीसुद्धा होती, आणि ती ओळ चांगली होती. मी गठ्ठा दोन्ही हातांनी घेतला, टेबलावर माझ्या उजव्या हाताला ठेवला, त्यावर चिठ्ठी लावली आणि चिठ्ठीवर एक आकडा घातला.

"तुमचा नंबर पहिला, सर. उद्या सकाळी नऊ वाजता उघडते."

"आणि आत्ता?"

"आत्ता पाच वाजले," मी म्हणाले, पर्स खांद्याला अडकवली आणि घरी निघाले.